जंगल आधी की समुद्र आधी?

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत सहलीचा विषय कुठून आला, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. तो आला मागच्या दोन व्याख्यानांनंतरच्या चहातून. या सभागृहातले निम्मे श्रोते साठीच्या पुढचे. कुणाच्या हातात निवृत्तीची रक्कम आहे, कुणाला परदेशातल्या मुलांनी ‘आता तरी फिरा’ म्हणून पैसे पाठवले आहेत. आणि विचारणा एकच: आफ्रिकेतलं जंगल आणि तिथला समुद्र एकाच फेरीत जमेल का? एकाला सिंह पाहायचा असतो, दुसऱ्याला पाण्यात पाय सोडून बसायचं असतं. आम्ही दोघांनी सत्तरी ओलांडल्यावर हा प्रवास केला, त्यामुळे थोडं अधिकाराने बोलू.

न्यायशास्त्राने जे सोळा पदार्थ मोजले, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर लगेच संशय येतो आणि त्याच्यामागून प्रयोजन. आखणी करणाऱ्या माणसाने हा क्रम ध्यानात ठेवावा. कंपनीच्या माहितीपत्रकात संशयाला जागाच नसते, प्रयोजनही तयारच मिळतं. आपलं प्रयोजन आपण ठरवलं नाही, तर ते दुसरं कुणी तरी ठरवतं आणि पैसे आपण देतो.

आधी शब्द बघा. ‘सफारी’ हा स्वाहिली शब्द आहे. त्याचं मूळ अरबी ‘सफर’, म्हणजे आपल्याकडे फारसीतून आलेली तीच ‘सफर’. स्वाहिलीत सफारी म्हणजे कुठलाही प्रवास. मामाच्या गावाला जाणं हीसुद्धा सफारीच. शिकार आणि खाकी कपडे हा अर्थ त्याला नंतर साहेबांनी चिकटवला. अशा आणखी गंमती तिथे ऐकू येतात. मोटारीला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’, लाखाला ‘लाकी’, आणि चपातीला चपातीच. मोसमी वाऱ्यांवर होड्या हाकत शेकडो वर्षं पश्चिम किनाऱ्यावरची माणसं तिकडे आणि तिकडची इकडे येत होती, त्याच्या या खुणा.

जंगल आणि समुद्र जोडायला आफ्रिकेत जागा बऱ्याच आहेत. केनियात मसाई मारा आणि मोंबासाचा किनारा जोडता येतो. पण आज आम्ही टांझानियापुरतंच बोलणार: उत्तरेला सेरेनगेटी आणि न्गोरोंगोरो, पूर्वेला समुद्रात झांझिबार. देश एक, व्हिसा एक, आणि दोन्हींच्या मध्ये छोट्या विमानाचा प्रवास. झांझिबार आणि टांगानिका १९६४ साली एकत्र आले आणि टांझानिया झाला. झांझिबारला उतरताना आजही कागद तपासतात, पण वेगळा व्हिसा लागत नाही.

आता महिना. इथे खरा पेच आहे, म्हणून जरा थांबून बोलू.

दोन पंचांगं एकावर एक ठेवून बघायची आहेत. पहिलं जनावरांचं. सेरेनगेटीत दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट आणि त्यांच्याबरोबर लाखो झेब्रे नि हरणं वर्षभर पावसाच्या आणि गवताच्या मागे गोल फिरत असतात. डिसेंबरअखेर ते मार्चपर्यंत ती दक्षिणेला न्डुटूच्या आखूड गवताच्या मैदानात असतात. जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला, मारा नदीच्या आसपास. दुसरं पंचांग पावसाचं आणि वाऱ्याचं. मार्च ते मे मोठा पाऊस, त्याला तिथे ‘मसिका’ म्हणतात. नोव्हेंबर-डिसेंबरात छोटा, तो ‘वुली’. वारेही दोन: डिसेंबर ते मार्च ईशान्येचा ‘कास्काझी’, आणि पुढे साधारण ऑक्टोबरपर्यंत दक्षिणेकडचा ‘कुसी’. आपल्या बाजूने गलबतं कास्काझीवर जायची आणि कुसीवर परतायची.

ही दोन एकत्र धरली की एप्रिल-मे आपोआप गळतात. किमती तेव्हा पडतात, पण रस्ते चिखलात जातात आणि किनाऱ्यावरची काही हॉटेलं बंदच असतात. उरतात दोन पर्याय: जुलै ते सप्टेंबर, नाही तर जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी.

बहुतेक लोक पहिला निवडतात, कारण टीव्हीवर नदी पार करणारे कळप पाहिलेले असतात. मगर, उडणारं पाणी, ते सगळं. आमचं मत वेगळं आहे. नदीकाठी कळप जमतो, पुढे येतो, मागे फिरतो. चार तास उन्हात गाडीत बसून काहीच न घडणं ही तिथली रोजची गोष्ट आहे, आणि शेजारी तीस गाड्या त्याच आशेने उभ्या असतात. ज्याच्या कमरेला हे सोसेल त्याने खुशाल जावं. फेब्रुवारीत न्डुटूला जे घडतं ते एका क्षणावर अवलंबून नसतं. कळपातली बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांच्या आत जन्मतात. सकाळी गाडी उभी केली की समोरच्या मैदानात कुठे ना कुठे वासरू पायांवर उभं राहायची धडपड करत असतं, आणि काही मिनिटांत ते उभं राहून चालूही लागतं. सगळी एकदमच का जन्मतात? कारण तरस, सिंह, चित्ता सगळे मिळून खातील तरी किती? थोड्या दिवसांत सगळी जन्मली की उरणारी पुष्कळ. आणि तिथेच का? त्या मैदानावर जवळच्या ज्वालामुखींची राख पडलेली आहे. त्या मातीतल्या आखूड गवतात कॅल्शियम, फॉस्फरस भरपूर असतं, दूध पाजणाऱ्या माद्यांना ते हवं असतं. शिवाय गवत आखूड, म्हणून शिकारी दुरून दिसतो. कळपाला दिसतो तसा आपल्यालाही दिसतो.

फेब्रुवारीत झांझिबारला उकाडा असतो, पण समुद्र शांत. मात्र एक गोष्ट पक्की पाहून घ्या. झांझिबारची वस्ती बहुतांशी मुसलमान आहे, आणि २०२६ व २०२७ या दोन्ही वर्षी रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. हॉटेलात जेवण मिळतं, पण गावातली बरीच खानावळं दिवसा बंद असतात, आणि रस्त्यात उघड्यावर खाणं-पिणं बरं दिसत नाही. संध्याकाळी मात्र उपास सुटल्यावर शहराला जी जाग येते ती पाहण्यासारखी. काहींनी मुद्दाम तेव्हाच जावं असं आम्हाला वाटतं. पण मधुमेही माणसाने, ज्याला दोन-दोन तासांनी काही तोंडात टाकावं लागतं त्याने, तारखा थोड्या अलीकडे घ्याव्यात.

आता शीर्षकातला प्रश्न. जंगल आधी. यात आम्हाला संशय नाही. जंगलात पहाटे साडेपाचला उठावं लागतं, दिवसभर धूळ खावी लागते आणि डोळे सतत कामाला लावावे लागतात. पाच दिवस वाळूत लोळलेल्या माणसाला हे जमत नाही, तो पहिल्या पहाटेलाच कुरकुरतो. उलट, जंगलातून थकून आलेल्याला समुद्र लगेच मानवतो. दुसरं कारण व्यवहाराचं: जंगलातलं छोटं विमान पावसाने अडलं, तर समुद्राचा एक दिवस कमी होतो, घरी यायचं विमान चुकत नाही. म्हणून तिकीट काढताना जायचं किलिमांजारो विमानतळाचं आणि यायचं झांझिबारहून, असं घ्या. मुंबईहून आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे ते जुळतं, आखाती देशांतूनही जुळतं. परतीसाठी पुन्हा अरुशाला जाणं म्हणजे एक दिवस आणि एका विमानाचे पैसे वाया.

अकरा रात्री धरा. एक अरुशात, विमानप्रवासाचा शीण काढायला. दोन कराटूला, न्गोरोंगोरोच्या पायथ्याशी. तीन न्डुटूला. मग विमानाने झांझिबार: दोन स्टोन टाउनमध्ये, तीन किनाऱ्यावर. आठ दिवसांत पाच अभयारण्यं दाखवणारे कार्यक्रम मिळतात, ते घेऊ नका. तारांगिरेचे हत्ती प्रसिद्ध आहेत, पण ते तिथल्या नदीवर गर्दी करतात जून ते ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत. फेब्रुवारीत पांगलेले असतात. यादीत नाव आहे म्हणून तिथे एक दिवस घालू नये.

न्गोरोंगोरो म्हणजे एका जुन्या ज्वालामुखीचं खचलेलं मुख. सुमारे सहाशे मीटर खोल, तळाचं क्षेत्रफळ अडीचशे चौरस किलोमीटरांच्या वर. कड्यावर, तेवीसशे मीटर उंचीवर, सकाळी स्वेटर लागतो, हे आफ्रिकेला निघालेल्या माणसाला खरं वाटत नाही. तळाशी सिंह, हत्ती, काळा गेंडा सगळे आहेत, जिराफ मात्र नाही. भिंती त्याच्या पायांना फार उभ्या पडतात. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं: वस्तू नसल्याचं ज्ञान तिच्या न दिसण्यातूनच होतं. वर्गात आम्ही तीस वर्षं ‘जमिनीवर घट नाही’ हेच उदाहरण देत आलो. पुढच्या पिढीच्या प्राध्यापकांनी जिराफाचं द्यावं. एरवीही सफारीतले बहुतेक तास अनुपलब्धीचेच असतात, हे मनाशी धरून गेलं तर चिडचिड होत नाही.

शरीराचं बोलू, कारण आपल्या वयाला तोच विषय आहे. तिथले कच्चे रस्ते पत्र्याच्या पन्हाळीसारखे होतात आणि गाडी तासन्‌तास थरथरत राहते. चालक हसून त्याला ‘आफ्रिकन मसाज’ म्हणतात. मणक्याचा त्रास असेल तर मधली बैठक मागा, मागची नको. जंगलातून परतीचा रस्त्याचा प्रवास टाळून विमानाचे पैसे भरा, हा खर्च आम्ही सगळ्यांत शहाणा मानतो. गाडीतून मनाला येईल तिथे उतरता येत नाही. ज्यांना वारंवार लघवीला जावं लागतं त्यांनी हे पहिल्याच सकाळी चालकाला सांगावं, संकोच करू नये. मोकळी, सुरक्षित जागा त्याला ठाऊक असते. निळे आणि काळे कपडे नकोत, त्से-त्से माश्या त्या रंगांकडे येतात. छोट्या विमानात बहुधा पंधरा किलोच सामान चालतं, तेही मऊ पिशवीत, चाकांची कडक बॅग घेत नाहीत. प्लास्टिकच्या पिशव्यांना टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा लाडू-चिवडा कापडी पिशवीत किंवा डब्यात न्या. शाकाहाराची काळजी नको: भात, घेवड्यासारख्या दाण्यांची ‘महारागे’, चपाती, केळी मिळतात. अरुशात भारतीय कुटुंबंही पुष्कळ आहेत. फक्त आरक्षण करतानाच कळवा, कारण जंगलातल्या तंबूत भाजी शहरातून येते.

औषधांचं दोनच गोष्टींत सांगतो. पहिली पीतज्वराची लस. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणाऱ्यांच्या बाबतीत ही भानगड दोन्ही टोकांना होते. विमान बदलायला बारा तासांपेक्षा जास्त थांबलात तर टांझानिया दाखला मागू शकतो. आणि केनिया, इथिओपियातून येणाऱ्यांकडे भारत तो मागतो, नसेल तर सहा दिवस अलग ठेवू शकतो. लस सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते, निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, एकदा घेतली की जन्मभर चालते. साठीच्या पुढे पहिल्यांदा घेताना डॉक्टरांशी बोलणं आवश्यक आहे, या वयात क्वचित पण गंभीर त्रास होऊ शकतो. त्यांनी नको म्हटलं तर आखाती मार्गाने जा. मार्ग प्रकृतीवरून ठरवावा, तिकिटाच्या सवलतीवरून नाही. दुसरी हिवतापाची. प्रतिबंधक गोळ्या परतल्यावरही ठरल्या दिवसांपर्यंत घ्यायच्या असतात. समुद्रावर पोचलं की लोक थांबवतात. परतल्यावर काही महिन्यांत ताप आलाच, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘आफ्रिकेत जाऊन आलो’ हे सांगा. आणि विमा: झांझिबारने ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी प्रवाशांना आपलाच विमा सक्तीचा केला आहे, सुरुवातीचा दर माणशी ४४ डॉलर. तुमचा इथला विमा असला तरी तो लागतोच. पण इथलाही घ्या, आणि त्यात जंगलातून विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, ते वाचा.

आता एक प्रश्न, जो माहितीपत्रकात नसतो. सेरेनगेटीत माणसं नाहीत, ती का नाहीत? १९५१ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, आणि १९५९ साली मसाई लोकांना तिथून उठवून न्गोरोंगोरोच्या बाजूला वसवलं गेलं. तिथे गुरं राखत राहता येईल असं आश्वासन होतं. ‘सेरेनगेटी’ हे नावही त्यांच्याच भाषेतलं, न संपणारं मैदान अशा अर्थाचं. २०२२ पासून त्यांना न्गोरोंगोरोतूनही दूर, हांडेनीकडच्या म्सोमेरा गावी हलवणं सुरू झालं. सरकार त्याला स्वेच्छेचं स्थलांतर म्हणतं, अनेक मसाई तसं मानत नाहीत, आणि त्यावरून आंदोलनं झाली. धरणांसाठी, अभयारण्यांसाठी उठलेली गावं आपल्या सह्याद्रीतही आहेत, तेव्हा ‘ओसाड’ जागा कशी तयार होते हे आपल्याला निराळं शिकवायला नको. म्हणून जाऊ नये का? आम्ही गेलो. पण चालकाला हे विचारलं, आणि त्या दुपारी तो सिंहांपेक्षा या विषयावर जास्त बोलला. पैसे देऊन मसाई वस्तीत नाच पाहायचा कार्यक्रम मात्र आम्ही घेतला नाही. घेणाऱ्यांनी निदान पैसे वस्तीला किती मिळतात ते विचारून घ्यावेत.

झांझिबारला पोचलात की लगेच किनाऱ्याकडे पळू नका. स्टोन टाउनच्या दोन रात्री आम्ही यासाठीच ठेवल्या. लवंगांचा वास, नक्षीची दारं हे सगळे दाखवतात. तुम्ही जुन्या गुलामबाजाराच्या जागेवरचं कॅथीड्रल चुकवू नका. लवंगांच्या बागा गुलामांच्या श्रमावर उभ्या होत्या. व्यापाराला भांडवल पुरवणाऱ्यांत कच्छी सावकार होते, आणि काही भारतीयांच्या घरीही गुलाम होते, हे सांगताना आपण आवाज खाली करू नये. १८७३ साली बाजार बंद करण्याचा करार करायला इंग्रजांनी ज्याला पाठवलं तो बार्टल फ्रिअर, आपल्या मुंबईचा माजी गव्हर्नर. त्याच्या समोर सुलतान बरगशने नकार दिला. आरमाराची धमकी आल्यावर जूनमध्ये सही झाली.

आणि त्या कॅथीड्रलमध्ये एक लाकडी क्रूस आहे. डेव्हिड लिव्हिंग्स्टन मध्य आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचं काळीज ज्या झाडाखाली पुरलं, त्या झाडाच्या लाकडाचा. त्या झाडावर नाव कोरणारा जेकब वेनराइट हा गुलामीतून सुटलेला आफ्रिकी मुलगा, आणि त्याचं शिक्षण झालं होतं नाशिकला. इंग्रजी आरमाराने जहाजांवरून सोडवलेल्या मुलांना मिशनऱ्यांनी नाशिकच्या शरणपुरात ठेवून शिकवलं होतं, त्यांतला तो. आपल्या सोबत्यांबरोबर त्याने लिव्हिंग्स्टनचा देह महिनोन्‌महिने चालून किनाऱ्यापर्यंत आणला आणि पुढे १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हातही लावला. नाशिककर मंडळींनी शरणपूर रस्त्यावरून हजारदा ये-जा केली असेल. झांझिबारच्या त्या क्रूसापुढे आमच्या सौभाग्यवती, ज्यांचं माहेर नाशिकचं, बराच वेळ उभ्या होत्या.

शेवटी समुद्र. इथे लोक फसतात ते भरती-ओहोटीला. पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे पाजे, जांबियानी, मटेम्वे या बाजूला, ओहोटीला पाणी एक-दीड किलोमीटर मागे जातं. फोटोतला निळा समुद्र गायब, समोर ओली वाळू आणि दगड. ‘समुद्र कुठे गेला?’ म्हणून हॉटेलवाल्याशी भांडणारे पर्यटक आम्ही पाहिले. कोकणच्या माणसाला हे सांगावं लागू नये. अलिबागच्या किल्ल्यात आपण ओहोटीला चालत जातोच की. तेव्हा झांझिबारचं हॉटेल ठरवताना कालनिर्णय जवळ ठेवा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण: तिथे सकाळी दहा-अकराच्या सुमारास पूर्ण ओहोटी आणि दुपारी चारनंतर भरपूर पाणी. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फार मागे जात नाही. दिवसभर पोहायचंच असेल तर उत्तरेला न्युंग्वी किंवा केंड्वाला राहा, तिथे पाणी इतकं हटत नाही, पण गर्दी आणि गाणी जास्त.

आम्ही पूर्वेलाच राहिलो, उधाणाच्या दिवसांत, ठरवून. सकाळी पाणी हटलं की गावातल्या बायका कमरेला कापड खोचून उथळ पाण्यात उतरतात. खुंट्यांना दोऱ्या बांधून त्या समुद्रशेवाळाची शेती करतात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ही शेती तिथे सुरू झाली आणि घरात स्वतःचा पैसा आणणाऱ्या बायकांची एक पिढी तिने उभी केली. आता पाणी तापू लागल्यामुळे चांगला भाव मिळणारी जात नीट वाढत नाही, म्हणून काहीजणी शेवाळाचे साबण करून विकतात. त्यांच्या दोऱ्यांवर पाय देऊ नका, विचारल्याशिवाय फोटो काढू नका, आणि ‘जांबो’पेक्षा ‘शिकामो’ म्हणा. वडीलधाऱ्यांना करायचा तो नमस्कार आहे. अर्थात आपल्या वयाला तोच आपल्याला ऐकू येतो, आणि त्याला उत्तर ‘मराहाबा’ असं द्यायचं. पाण्यात जाताना रबरी तळाचे बूट घाला. दगडांच्या कपारीत काळे, लांब काट्यांचे गोळ्यांसारखे प्राणी असतात, आणि तो काटा टाचेत मोडला तर उरलेले दिवस खुर्चीत जातात.